बंगल्यावरचा युक्का आणि शाळेतला युक्का: एकच झाड की दोन?

धुरेकरी | १४ जून, रात्री ९:४०

मंडळी, राम राम. दारव्हा तालुक्यात आमचं साडेसहा एकर वावर आहे, त्यातलं दीड एकर बरड. चार वर्षांपासून रानडुकरं आणि रोही पऱ्हाटी अन् तूर तुडवून जातात. साड्या बांधून झाल्या, झटका मशीन लावून झाली, जागल तर रोजचीच. आता बरडाकडचा धुरा काटेरी झाडानं बंद करावा असं मनात आहे, आणि त्यासाठी दोन झाडं डोळ्यापुढं आहेत.

एक गावाबाहेरच्या जुन्या इंग्रजी बंगल्याच्या आवारात आहे. पुरुषभर उंच सरळ खोड, खोडाला वाळकी पानं खाली लोंबलेली, आणि वर ताठ हिरव्या पानांचा झुबका. पानाचं टोक दाभणासारखं. गेल्या आठवड्यात त्याला पांढऱ्या घंटांचा घोस आला. दुसरं शाळेच्या फाटकाजवळ. ठेवण तशीच, पण पानं लांब, राखी झाक असलेली, काही मधून वाकलेली, खोड बुटकं. त्याला फूल पाहिलं ते दसऱ्यानंतर.

गावात दोघांनाही घायपातच म्हणतात. माझी मुलगी सातवीत आहे. तिनं फोनवरच्या ॲपला दोन्हींचे फोटो दाखवले तर ते दर वेळी वेगळंच नाव सांगतं. ही दोन झाडं एकच आहेत का? नसतील तर ओळखायची कशी? आणि धुऱ्यावर कोणतं लावू?

चऱ्हाट | १४ जून, रात्री १०:२५

भाऊ, यातली एकही घायपात नाही, एवढं मी फोटो न पाहता सांगतो. आमच्या घरी तीन पिढ्या दोर वळले. घायपातीचं पान जाड, रसाळ, कुस्करलं की पाणी सुटतं आणि ते अंगाला लागलं की खाज येते. वाख काढताना आजोबांचे हात कोपरापर्यंत लाल व्हायचे. कासरे, दावी, चऱ्हाटं सगळं त्याच वाखाचं, आणि पोळ्याच्या आधीचे पंधरा दिवस घरात जेवायला सवड नसायची.

तुम्ही सांगता त्या झाडाचं पान पातळ आणि कोरडं असणार. तोडून पाहा, रस गळणार नाही. धागा आत असतो, पण पान पातळ म्हणून वाख कमी पडतो. मी लहानपणी एकदा असंच एक झाड ठेचून पाहिलं होतं. दोरी झाली, पण एका दाव्याला ढीगभर पानं लागली.

आणखी एक. घायपातीला आयुष्यात एकदाच फुलांचा दांडा येतो, तो घरापेक्षा उंच जातो आणि मग ते झाड मरतं. बंगल्यावरचं झाड दरवर्षी फुलत असेल तर तिथंच निकाल लागला.

पानकळा | १५ जून, सकाळी ६:५०

चऱ्हाट यांनी अगदी बरोबर सांगितलं. मी वर्ध्याकडचा, अठ्ठावीस वर्षं वनस्पतीशास्त्र शिकवलं, आता निवृत्त. हे झाड माझ्या फार आवडीचं, म्हणून जरा लांबण लागेल.

घायपात म्हणजे अगेव्ह. तुमची दोन्ही झाडं युक्का. दोघांचं कूळ एकच, शतावरीचं. नातं इतकं जवळचं की पेशीतली गुणसूत्रं मोजली तर दोघांतही तीस जोड्या निघतात, आणि त्यांतल्या पाच मोठ्या, पंचवीस बारीक. ही ठेवण सहसा कुठं दिसत नाही. दोन्ही मूळची अमेरिकेकडची. आपल्या गावातल्या लोकांनी दोघांना एका नावानं हाक मारली यात मला गैर काही वाटत नाही, चुलत भावंडंच ती.

तुमच्या वर्णनावरून बंगल्यावरचा तो युक्का ॲलोइफोलिया, आणि शाळेतला युक्का ग्लोरिओसा. दोन्ही नावं लिनियसनं १७५३ साली दिली. जुन्या सरकारी आवारांत आणि बागांत ही दोन्ही लावलेली सापडतात, आणि माळ्यांपासून शिक्षकांपर्यंत सगळे त्यांची अदलाबदल करतात. मीही सुरुवातीची काही वर्षं केली.

फरक पाहायचा पानाच्या कडेला. पान टोकाशी एका हातानं सांभाळून धरा आणि दुसऱ्या हाताचं नख कडेवरून हळू ओढा. ॲलोइफोलियाची कड बारीक करवतीसारखी असते. डोळ्याला दात नीट दिसत नाहीत, पण नखाला करकर लागते. ग्लोरिओसाची कड गुळगुळीत, नख सरकत जातं. बाकी उंची, खोड, पानाचा रंग ही लक्षणं उन्हा-सावलीनं आणि वयानं बदलतात, त्यांच्यावर विसंबू नका. फुलांचा घोस मात्र पाहून ठेवा. ॲलोइफोलियाचा घोस पानांच्या झुबक्यात बसल्यासारखा दिसतो, ग्लोरिओसाचा दांडा पानांतून चांगला वर निघून फुलतो.

करून पाहा आणि कळवा.

बरडावरचा | १५ जून, दुपारी १:१०

भाऊ, मी अकोल्याकडचा. माह्या बाबानं धुऱ्यावर घायपात लावली होती, वीस-बावीस वर्सं झाले. डुक्कर घायपातीतून जात नाई हे खरं हाय, पन दोन झाडायमंधी जिथं हातभर फट राह्यली तिथूनच त्यानं वाट पाडली. डुक्कर उडी मारत नाई, खालून थुतरी घालते अन् माती उकरते. रोही तर वरून जाते. तुमच्या झाडाचं खोड उंच अन् पानं वर, मंग खाली तं मोकळंच राह्यलं ना? याचा इचार करा पह्यले, मंग पैसे घाला.

धुरेकरी | १५ जून, रात्री ८:३०

पानकळा सर, नखाची परीक्षा केली. बंगल्यावरच्या झाडाची कड करकर लागते, अगदी तुम्ही म्हणता तशी. पण शाळेतल्याचीही लागते! मुलीनंही पाहिलं. मग दोन्ही एकच म्हणायची का?

बरडावरचा भाऊ, तुमचं म्हणणं पटतं. खालच्या फटीचा विचार मी केलाच नव्हता.

पानकळा | १५ जून, रात्री ९:०५

कोणतं पान पाहिलं? बुडाशी फुटलेल्या पिल्लाचं असेल तर ते फसवतं. ग्लोरिओसाच्या कोवळ्या पानाला लहानपणी बारीक दात असतात, पान जुनं होत जातं तशी कड गुळगुळीत होते. मोठ्या झाडाचं, मधल्या फेरातलं पूर्ण वाढलेलं पान घ्या. आणि कडेची रेघही पाहा, पिवळसर किंवा तपकिरी असेल. कुठं कडेपासून दोरा सुटलेला दिसतो का, तेवढं नक्की बघा.

धुरेकरी | १६ जून, सकाळी ७:२०

सर, पिल्लाचंच पान पाहिलं होतं. आज शाळा उघडायच्या आधी जाऊन मोठ्या झाडाची पाच पानं तपासली. कड गुळगुळीत, तपकिरी रेघ स्पष्ट. आणि एका जुन्या पानाच्या कडेला खरंच एक बारीक दोरा सुटून वळलेला होता, साधारण बोटभर. मुलीनं तो वहीत चिकटवून ठेवला. हा दोरा काय आहे?

पानकळा | १६ जून, सकाळी ८:४५

वही जपून ठेवायला सांगा. तो दोरा म्हणजे त्या झाडाच्या आईबापांपैकी एकाची खूण आहे.

अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावर तिसरा एक युक्का आहे, युक्का फिलामेंटोसा. फिलामेंट म्हणजे धागा. त्याला खोड जवळजवळ नसतंच, पानं जमिनीलगत, आणि पानांच्या कडांना कुरळे पांढरे धागे सुटलेले. ट्रेलीझ या वनस्पतीशास्त्रज्ञानं १९०२ साली शंका मांडली होती की ग्लोरिओसा हे ॲलोइफोलिया आणि फिलामेंटोसा यांच्या संकरातून आलं असावं. पुढं जनुकांची तपासणी झाली आणि २०१२ साली हे पक्कं झालं. संकर झाला तरी गुणसूत्रांच्या जोड्या तेवढ्याच राहिल्या, दुप्पट झाल्या नाहीत. म्हणजे बंगल्यावरचं झाड आणि शाळेतलं झाड यांच्यात आईबाप-लेकराचं नातं आहे. तुमच्या ॲपचा गोंधळ झाला तो उगाच नव्हे.

लेकरात दोघांच्या खुणा उतरल्यात. लहानपणी कडेला दात, ते एका घरचे. म्हातारपणी कडेला धागा, तो दुसऱ्या घरचा. फळातही तसंच. ॲलोइफोलियाचं फळ गरदार, पिकल्यावर काळसर जांभळं, खाली लोंबणारं, न फुटणारं. फिलामेंटोसाचं फळ वाळून तडकतं. ग्लोरिओसाचं फळ या दोघांच्या मध्ये कुठंतरी, कातडीसारखं चिवट, न तडकणारं.

आणि आपल्या उन्हाळ्याशी ज्याचा थेट संबंध आहे ते सांगतो. झाड पानांवरच्या सूक्ष्म छिद्रांतून हवा घेतं, आणि ती छिद्रं उघडली की पाणीही उडतं. पऱ्हाटी, तूर, सोयाबीन ही छिद्रं दिवसा उघडतात. घायपात आणि निवडुंग रात्री उघडतात, दिवसा मिटून घेतात, म्हणून वैशाखात तग धरतात. ॲलोइफोलिया रात्री उघडणारं आहे. फिलामेंटोसा दिवसा उघडणारं. आणि लेकरू ग्लोरिओसा दोन्ही करतं. २०१६ साली हे मोजून प्रसिद्ध झालं. आपल्या बरडावर मे महिन्यात पारा ४५ च्या पुढं जातो तेव्हा या फरकाला किंमत आहे.

वऱ्हाडी_सातासमुद्रापार | १६ जून, रात्री ११:५५

हा धागा पाहून राहवलं नाही. मी मूळचा आर्वीचा, आता अमेरिकेत जॉर्जिया राज्याच्या किनाऱ्याजवळ राहतो. ही दोन्ही झाडं इथं समुद्राकाठच्या वाळूच्या टेकाडांवर आपोआप उगवलेली आहेत. ॲलोइफोलिया खोड वाढलं की स्वतःच्याच भारानं आडवं पडतं, आणि पडल्या जागी मुळं धरून टोक पुन्हा वर उचलतं. त्यामुळं जुनी जागा पाहिली तर पाच-सात खोडं एकमेकांत गुंतलेली आणि चहूबाजूंनी टोकं बाहेर. कुत्रासुद्धा आत शिरत नाही. तुमच्या धुऱ्याला हे कामाचं ठरेल. एकेक खोड सरळ वाढू दिलं तर खाली मोकळं राहणार, पण आडवं पाडून वाढवलं तर खालची फट भरते.

ग्लोरिओसा इथंही पावसाळा सरताना, शरदात फुलतं. तुम्ही दसऱ्यानंतर म्हणालात ते वाचून मला गंमत वाटली, कारण इथल्या टेकाडावरही तोच सुमार असतो. पण इतक्या उशिरा फुलल्यामुळं त्याला इथंसुद्धा फळ क्वचितच धरतं.

अंगणवेल | १७ जून, दुपारी ३:१५

फळावरून आठवलं. माझ्या माहेरी, काटोलजवळ, अंगणात हे झाड आहे, दरवर्षी भरभरून फुलतं, पण एकदाही फळ धरलेलं आठवत नाही. आई म्हणायची झाड वांझ आहे. काही खत कमी पडतं का?

आणि दुसरा प्रश्न. मोबाईलवर एका पाककृतीत युकाचं कंद तळून खाताना दाखवलं. हेच का ते? भावजय उकरायला निघाली होती, मी थांबवलं.

पानकळा | १७ जून, सायंकाळी ६:४०

ताई, थांबवलंत ते फार बरं केलंत. ते युका म्हणजे कसावा, ज्याच्या कंदापासून आपला साबुदाणा होतो. वेगळंच झाड, वेगळंच कूळ. या नावाचा घोळ चारशे वर्षांहून जुना आहे. १५९७ साली इंग्लंडमधल्या जेरार्ड नावाच्या एका वनस्पती जाणकारानं आपल्या बागेतलं एक झाड कसाव्याचं समजून त्याचं नाव लिहिलं, चूक पुढं कळली, पण नाव चिकटलं ते चिकटलंच, आणि लिनियसनंही तेच ठेवलं. आपल्या युक्काच्या मुळांत सॅपोनिन असतं, रिठ्यात असतं तेच, फेस आणणारं. अमेरिकेतले मूळ रहिवासी युक्काच्या काही जातींच्या मुळांनी केस आणि कपडे धुवायचे. कोंबड्यांच्या खाद्यातही एका वाळवंटी युक्काचा अर्क मिसळतात, त्यानं खुराड्यातल्या अमोनियाचा वास कमी होतो. कंद म्हणून खायचं मात्र हे झाड नाही.

आता फळाचं. झाड वांझ नाही, खतही कमी नाही. त्याचा सोबती इथं नाही.

अमेरिकेत युक्काच्या फुलावर एक पांढुरका बारीक पतंग येतो, टेजेटिक्युला वंशातला. इतर कीटक मध खायला येतात आणि जाता जाता परागकण लागतात. ही मादी तसं करत नाही. तिच्या तोंडाशी मुद्दाम वळलेले दोन अवयव असतात, त्यांनी ती चिकट पराग गोळा करते, त्याचा गोळा करून हनुवटीखाली धरते, दुसऱ्या झाडाच्या फुलावर जाते, फुलाच्या बीजकोशाला भोक पाडून आत अंडं घालते, आणि मग वर चढून तो पराग फुलाच्या टोकावरच्या खळग्यात स्वतः दाबून भरते. तिच्या अळ्यांना खायला बिया हव्यात, म्हणून ती फळ धरवते. अळ्या थोड्या बिया खातात, उरलेल्या झाडाला. १८७० नंतरच्या दोन-तीन वर्षांत एंगेलमन आणि रायली यांनी हे उलगडलं. पुढं डार्विननंही त्याबद्दल मोठ्या आश्चर्यानं लिहिलं. वर्गात हा भाग शिकवताना माझा तास नेहमी लांबायचा.

तो पतंग आपल्याकडं नाही. त्यामुळं काटोलच्या अंगणातलं झाड दरवर्षी रात्री घंटा उघडून वाट पाहतं आणि तशीच फुलं गळतात. ॲलोइफोलिया मात्र या बाबतीत थोडं मोकळं आहे. त्याला मधमाश्यांच्या हातूनही फळ धरू शकतं, हे २०१४ मध्ये छापून आलेल्या अभ्यासात दिसलं. शिवाय माणसानंही ते काम करता येतं, कुंचल्यानं.

रानजाई | १८ जून, सकाळी १०:२०

मी नागपूरजवळ लहानशी रोपवाटिका चालवते. धुरेकरी दादांना रोपं घेण्याआधी एक सांगते, कारण माझं नुकसान झालंय. पहिल्या वर्षी मी एका मोठ्या नर्सरीतून काटेरी युक्का म्हणून ऐंशी रोपं आणली. कुंपणासाठी तीन शेतकऱ्यांना दिली. दोन वर्षांनी कळलं की टोकाला काटाच नाही, पान नुसतं मऊ टोकदार. तो युक्का जायगॅन्टिया होता, मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतला, बुडाशी खोड हत्तीच्या पायासारखं फुगतं तो. हल्ली बँकांत, दवाखान्यांत कुंडीत जो असतो, तो बहुतेक हाच. कडेला बारीक दात त्यालाही असतात, म्हणून नुसत्या नखाच्या परीक्षेत तो ॲलोइफोलियासारखा वाटतो. टोक तपासा. ॲलोइफोलियाचं टोक तपकिरी आणि कडक, तळहाताला टेकवलं तरी कळतं. जायगॅन्टियाचं वाकतं.

शेतकऱ्यांना मी नंतर पैसे परत केले, पण त्यांची दोन वर्षं गेली ती गेलीच. म्हणून नर्सरीच्या चिठ्ठीवर जाऊ नका, बंगल्यावरच्या झाडाचेच तुकडे मिळाले तर सगळ्यात उत्तम. खोडाचा फूट-दीड फुटाचा तुकडा किंवा बुडाचं पिल्लू काढा, सावलीत आठवडाभर कापलेली बाजू सुकू द्या, मग लावा. ओल्या जखमेनं लावलं तर पावसाळ्यात हमखास कुजतं.

बाय द वे, हा जायगॅन्टिया एल साल्वाडोरचं राष्ट्रीय फूल आहे. तिथं त्याच्या पाकळ्या अंड्यात परतून खातात, आतले कडू भाग काढून. आपण शेवग्याच्या फुलांची भाजी करतो तसंच काहीसं.

बरडावरचा | १८ जून, दुपारी २:३०

ताई, काळ्या मातीत चालते का हे? आमच्याकडं जुलै-ऑगस्टमंधी वावरात पाय टाकला तं गुडघाभर जाते.

रानजाई | १८ जून, दुपारी ४:००

भर काळ्या मातीत नको, भाऊ. उन्हाळा त्याला काही करत नाही, पाऊस करतो. पाणी साचलं की बुडापासून मऊ पडतं आणि एक दिवस ढकलल्यासारखं आडवं होतं. मुरमाड बरड, चढावरचा धुरा, किंवा हातभर उंच वरंबा करून त्यात मुरूम मिसळून लावलं तर टिकतं. धुरेकरी दादांचं दीड एकर बरड आहे म्हणूनच मी हो म्हणतेय.

तुरीचं_शेत | १९ जून, रात्री ९:१५

सगळ्यांनी फायदे सांगितले, मी तोटा सांगते. आमच्या अंगणात गोठ्याजवळ हे झाड होतं. तीन वर्षांपूर्वी आमच्या कालवडीनं मान वळवली आणि पानाचं टोक थेट डोळ्यात गेलं. जनावरांचे डॉक्टर आले, औषध चाललं, पण त्या डोळ्यानं तिला दिसेना ते दिसेनाच. पान बघा किती उंचीवर येतं, ते लेकराच्या आणि वासराच्या डोळ्याच्याच उंचीवर येतं. शाळेच्या फाटकाजवळ हे झाड आहे हे वाचून मला तेव्हापासून चैन नाही. दादा, शाळेत सांगून टोकं कापून घ्या. नुसतं अर्धं बोट टोक कापलं तरी झाडाला काही होत नाही, सांडशी किंवा छाटणीची कैची पुरते.

धुरेकरी | २० जून, रात्री ९:५०

ताई, तुमचं वाचून आज सकाळीच शाळेत गेलो. मुख्याध्यापकांनी लगेच परवानगी दिली. मी आणि दोन पालकांनी मिळून मुलांच्या वाटेकडची सगळी टोकं कापली. सव्वा तास लागला. एकट्या त्या झाडाची टोकं एका घमेल्यात मावली नाहीत, तेव्हा आपण रोज मुलांना कशाजवळून जाऊ देत होतो ते कळलं. नवीन पानं येतील तशी महिन्यातून एकदा कापायची, असं ठरवलं.

धुऱ्याचं असं ठरलं: बंगल्यावरच्या ॲलोइफोलियाचे तुकडे. पिल्लं आणि खोडाचे मिळून छत्तीस झाले, सावलीत मांडून ठेवलेत. सगळा धुरा नाही, बरडाकडचा फक्त चाळीस पावलांचा पट्टा, जिथून डुकरं येतात तो. दोन ओळी, तिरप्या लावलेल्या, म्हणजे वाढल्यावर आडव्या पडून फट भरतील. बाकीच्या धुऱ्यावर बोरीचे काटे आणि झटका मशीन आहेच. गायवाटेकडं एकही लावणार नाही.

आणि एक. बंगल्यावरच्या झाडांचा घोस अजून उघडतोय. मुलगी म्हणते कुंचला घेऊन जाऊ. सर, नेमकं काय करायचं?

पानकळा | २१ जून, सकाळी ६:१५

संध्याकाळ उतरली की जा, फुलं तेव्हा पुरती उघडतात आणि वास येतो. चित्रकलेचा बारीक कुंचला, शून्य किंवा एक नंबरचा. आत सहा पाकळ्या, सहा जाडसर पुंकेसर, त्यांच्या टोकावर पिवळट चिकट पराग. तो धुळीसारखा उडत नाही, गोळीसारखा निघतो. मधोमध हिरवट-पांढरा बीजकोश, त्याच्या टोकाला खळगा. एका झाडाचा पराग दुसऱ्या झाडाच्या खळग्यात दाबून भरायचा, नुसता लावून चालत नाही. ज्या फुलांना केलं त्यांना दोरा बांधा. हातात बॅटरी ठेवा आणि डोळ्यांवर चष्मा, काचेचा कुठलाही, पण घालाच.

धुरेकरी | २२ जून, रात्री १०:३०

केलं. चौदा फुलं. मुलीनं लाल लोकरीचे धागे बांधले. वास साबणासारखा गोडसर आहे, मी इतकी वर्षं त्या बंगल्यावरून जातो, कधी आला नव्हता, कारण कधी रात्री थांबलोच नव्हतो. नऊ फुलं तिनं स्वतः भरली. पाऊस नाही आला तर बरं.

अंगणवेल | १९ जुलै, दुपारी १२:४०

दादा, काय झालं पुढं? आमच्याकडंही यंदा भाचीनं करून पाहिलं, पण सगळी गळली. आमचं एकच झाड आहे, तेही कदाचित ग्लोरिओसा. कड गुळगुळीत लागते.

धुरेकरी | २० जुलै, रात्री ८:१०

ताई, चौदापैकी अकरा गळली. तीन धरलीत. बोटाच्या पेराएवढी हिरवी, खाली तोंड करून लोंबलेली. धागा न बांधलेलं एकही फळ नाही. धुऱ्यावरचे छत्तीसपैकी पाच कुजले, बाकीच्यांना शेंडा हलतोय.

चऱ्हाट | २१ जुलै, सकाळी ७:००

तीन म्हणजे पुष्कळ झाली, भाऊ. मला एक पिकलेलं दाखवा, आजवर पाहिलं नाही.

धुरेकरी | १९ ऑक्टोबर, रात्री ९:२०

मंडळी, फोटो टाकतोय. तीनपैकी एक माकडांनी नेलं, दोन पिकली. काळसर जांभळी, खारकेपेक्षा जरा मोठी, दाबलं की गर लागतो, तडा कुठंही नाही. सर, तुम्ही सांगितलं होतं तसंच, ॲलोइफोलियाचं. एक कापलं, आत काळ्या चपट्या बिया एकावर एक रचलेल्या. एकूण सत्तावीस निघाल्या. मुलीनं शाळेतल्या झाडाच्या दोऱ्याशेजारी त्यातल्या दोन वहीत चिकटवल्या, बाकी मुरूम आणि शेणखताच्या पिशव्यांत लावल्या. एक अख्खं फळ चऱ्हाट दादांसाठी ठेवलंय, दिग्रसच्या बाजारात येणार असाल तर सांगा.

शाळेतल्या झाडाला कालपासून दांडा दिसायला लागलाय.

पानकळा | २० ऑक्टोबर, सकाळी ६:०५

बंगल्यावर अजून एखादं फूल शिल्लक आहे का पाहा. असेल तर त्याचा पराग शाळेच्या झाडाला लावून बघा. नसेल तर शाळेच्याच दांड्यातली दहा-बारा फुलं आपापसांत भरा आणि धागे या वेळी निळे बांधा.